पाठमोरे नानांची दुसरी कॅसेट

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. कुणी विषय काढला की मी चहा मागवायचो, नाहीतर नेमकं त्याच वेळी दुकानात काहीतरी काम निघायचं. आता दुकान मुलगा बघतो, मला काम काही निघत नाही, आणि त्या दिवशी ज्यांच्यासमोर मी बोललो त्यांतले बरेच जण राहिले नाहीत. जे आहेत त्यांनी तरी खरं काय ते वाचावं. विशेषतः जळगाव-धुळ्याकडच्या ज्या घरांतली लग्नं त्या काळात पाठमोरे नानांनी व्हिडिओवर काढली, त्यांनी वाचावं.

पाठमोरे हे त्यांचं आडनाव नव्हे. नाना पडद्याकडे पाठ करून उभे राहत, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. पुढे ते इतकं चिकटलं की एका लग्नपत्रिकेत ‘व्हिडिओ शूटिंग : श्री. पाठमोरे, धुळे’ असं छापून आलं. नानांनी ती पत्रिका जपून ठेवली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून हसत.

माझी जळगावात स्टँडजवळ व्हिडिओ लायब्ररी होती. मागच्या खोलीत बाकं टाकून टीव्हीवर सिनेमे दाखवायचो, आणि बाजूच्या बोळकंड्यात व्हिडिओ गेमची तीन-चार यंत्रं ठेवली होती. शाळा बुडवलेली पोरं तिथे दिवसभर पडीक असत. एके दिवशी पाहिलं तर त्या पोरांच्या गर्दीत एक पांढऱ्या सदऱ्यातला, चाळिशी उलटलेला माणूस यंत्राला जवळजवळ टेकून उभा. खेळाकडे पाठ, आणि नजर खेळणाऱ्या पोराच्या तोंडावर. मला वाटलं, करमणूक कराच्या खात्याचा माणूस. मी मागे जाऊन कॅसेटच्या कॉप्या काढायला जोडलेले दोन्ही व्हीसीआर बंद केले, वर चादर टाकली आणि बाहेर येऊन गोड आवाजात म्हणालो, “साहेब, चहा घेणार?”

“घेतो,” ते म्हणाले. “पण साहेब नको. मी लग्नाची शूटिंग काढतो.”

“मग इकडे पाठ करून काय बघताय? खेळ तर तिकडे आहे.”

“पडदा काय देखाना, भाऊ? तो बठ्ठास्ले सारखाच दिसस. तोंडं देखो.”

पडदा सगळ्यांना सारखाच दिसतो, बघायची ती तोंडं, एवढ्यावर माझा संशय फिटला असं नाही. मी माणूसच संशयी. गिऱ्हाईक कॅसेट परत आणून देई तेव्हा मी रीळ तपासल्याशिवाय त्याला जाऊ देत नसे. पण नाना येत राहिले, आणि लग्नांसाठी जळगावला आले की त्यांची बॅग माझ्याकडेच पडू लागली.

त्यांच्या धंद्याची एक रीत इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लग्नाचा व्हिडिओवाला म्हणजे घराच्या आतल्या खोलीपर्यंत जाणारा परका पुरुष. नवरीला हळद लागते तिथे तो असतो, आया-बहिणी रडतात तिथे तो असतो. नाना कॅसेट तयार करून नवरीच्या आईच्या हातात देत, आणि तिच्याबरोबर कापून टाकलेल्या भागाची कॅसेटही देत. स्वतःकडे नमुन्यालासुद्धा काही ठेवत नसत. “ज्याचं तोंड, त्याची कॅसेट,” असं म्हणत. दुसरे शूटिंगवाले गिऱ्हाइकाला जुनी लग्नं दाखवून काम मिळवत. नाना काहीच दाखवू शकत नसत. त्यांना काम मिळायचं ते केवळ नावावर.

सिनेमाची कल्पना त्यांचीच. बोळकंड्यातल्या एका यंत्रावर पोरांची उडी पडे. मशाल घेतलेला एक बुटका माणूस किल्ल्यात शिरतो, प्रत्येक मजल्यावर दोन दारं, एका दाराआड वाट, दुसऱ्याआड विहीर नाहीतर साप. त्या बुटक्याला तीन जीव. नाना म्हणाले, “भाऊ, याचा आपण सिनेमा काढू. आपल्या बोलीत. पारोळ्याच्या किल्ल्यावर.”

मला ते पटलं. खानदेशी बोलीतल्या विनोदी कॅसेटी तेव्हा हातोहात जात. मी लगेच कथा सांगायला लागलो. किल्ल्यात हिरोची बहीण कोंडलेली, घरी म्हातारी आई, कपाशीच्या शेतात एक गाणं. नाना ऐकून घेत आणि एकेक काढून टाकत.

“आई नको, भाऊ. आई आली की लोक बाकावर मागे टेकून बसतील.”

“टेकून बसतील तर बसू द्या की! सिनेमा आहे तो.”

“पोरगं खेळताना टेकतं का? बुटका डावीकडे वळला की पोराचं अंगही डावीकडे वळतं. सिनेमात हिरो मरस. आठे पोऱ्या सोता मरस. तोंडानं म्हणतो, मेलो! त्याच्या हातातली यंत्राची दांडी काढून घेतली आणि नुसतं बघायला बसवलं, तर काय उरलं? एक बुटका उड्या मारतोय. ते कोण बघणार?”

“मग लोकांच्या हातात दांडी कशी देणार तुम्ही?”

यावर नाना हसले आणि त्यांनी खांद्यावरची बॅग सारखी केली. “सांगी दिधं का खेळ सरना.”

सांगून टाकलं की खेळ संपला, हे वाक्य ते त्या दिवसांत वारंवार बोलत, आणि दर वेळी माझ्या मनात पाल चुकचुके. सिनेमाला पैसा माझा, हॉल माझा, आणि मलाच सांगायचं नाही म्हणजे काय?

शूटिंग थंडीत झालं. हिरो म्हणून धुळ्याच्या एका बँडमधला सुरेश घेतला होता. लग्नाच्या वरातींत तो ट्रम्पेट वाजवी. त्यामुळे पळतानाही त्याचे गाल फुगत, आणि नाना ओरडत, “सुऱ्या, गाल खाली!” आजूबाजूची माणसं बघायला जमत. सुरेश एकदा विहिरीत पडून मेला आणि पुढच्या शॉटला उठून मशाल घेऊन उभा राहिला, तेव्हा एका आबांनी नानांचा सदरा ओढला.

“मरी गया ना तो? मंग उठना कसा?”

“आबा, त्याले अजून दोन जीव शेतस.”

“मंग माले एकच कसा दिधा?” आबा म्हणाले, आणि सगळा किल्ला हसला. नाना हसले नाहीत. संध्याकाळी बसस्टँडवर मला म्हणाले, “आबांनी बरोबर पकडलं. मरण्याला किंमत पाहिजे. ती मरणाऱ्याच्या हातून चूक झाली तरच येते.” मी मान डोलावली. मला काही कळलं नव्हतं.

मला दुसरंच दिसत होतं. नाना प्रत्येक दाराचा प्रसंग दोनदा काढत. एकदा सुरेश उजव्या दारातून जाई, एकदा डाव्या. हातात घड्याळ धरून दोन्ही वेळा त्याला सारखाच वेळ चालायला लावत. “आत्ताच तर काढलं की,” मी म्हणे. “हा दुसरा,” ते म्हणत. टेप दुप्पट जात होती. दुसरा कशाला? मी मनाशी म्हणालो, एक आपल्याला आणि एक स्वतःला, दुसरं काय!

त्यात बन्सी टेलरनं भर घातली. बन्सीचं दुकान माझ्या दुकानाला लागून. त्यानं नानांना धुळ्याच्या स्टँडवर एका केबलवाल्याबरोबर पाहिलं होतं. “चहा पीत होते,” बन्सी म्हणाला, “आणि केबलवाल्यानं कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. नानांनी ते बॅगेत टाकलं. भाऊ, ध्यान ठेवा.”

केबलवाल्याला नवीन सिनेमाची कॉपी मिळाली तर तो एका दुपारी सगळ्या गावाला फुकट दाखवून टाकी. मग हॉलवर कोण येणार? हे मला पुरतं ठाऊक होतं, कारण मी स्वतः दुसऱ्यांच्या सिनेमांच्या कॉप्या काढत होतो. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडायचे ते कॉपीसाठीच, एवढीच माझी समज.

आणखी एक गोष्ट लिहायला जड जाते, पण ती सोडली तर हे सगळं लिहिणं अर्धवट राहील. नाना बौद्ध. त्यांच्या घरी बुद्धाच्या तसबिरीखाली बसून मी अनेकदा जेवलो होतो, आणि आपण असलं काही मानत नाही असं चारचौघांत सांगत होतो. पण हीच गोष्ट मला बन्सीबद्दल कळली असती, तर मी आधी जाऊन बन्सीला विचारलं असतं. नानांना विचारावं असं मला वाटलंच नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पहिला शो ठेवला होता. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, माणसं रिकामी असतात, पत्त्यांचे डाव पडलेले असतात, गर्दी होणार हे नक्की. आदल्या दिवशी नाना बॅग माझ्याकडे ठेवून जेवायला गेले. मी ती उघडली. आत दोन कॅसेटी होत्या. दोन्हींवर त्यांच्या वळणदार अक्षरात एकच नाव : ‘तीन जीव’.

पहिली लावून पाहिली. किल्ला, बुरूज, मशाल पेटवणारा सुरेश. ती काढून दुसरी लावली. तोच किल्ला, तोच बुरूज, तोच सुरेश, तेच फुगलेले गाल. मला आणखी काय बघायचं होतं! पहिलं दार येईपर्यंत थांबलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मी थांबलो नाही. दुसरी कॅसेट यंत्रात तशीच ठेवली आणि तिच्यावर टीव्हीवरचा कुठलासा कार्यक्रम भरून टाकला. पुसून झाल्यावर पुन्हा बॅगेत ठेवायचं धाडस झालं नाही. ती माझ्या गल्ल्याच्या खणात गेली. चोर पकडल्याचा आनंद झाला होता मला, खोटं कशाला सांगू?

आखाजीच्या दुपारी हॉल भरला. बाकांवर जागा नव्हती, बाया पुढे सतरंजीवर बसल्या होत्या. नाना टीव्हीच्या बाजूला दोन्ही व्हीसीआर मांडून वायरी जोडत होते. मध्ये एक खटक्याची लहान डबी होती. मी बघत होतो. वायरी जोडून झाल्यावर त्यांनी बॅगेत हात घातला, एक कॅसेट काढली, पुन्हा हात घातला, मग बॅग उलटी केली.

“भाऊ, दुसरी कॅसेट?”

“दुसरी कशाला?” मी मोठ्यानं म्हणालो. सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं. “धुळ्याच्या केबलवाल्याला द्यायला? लग्नांच्या कॅसेटींच्या कॉप्यासुद्धा अशाच काढता वाटतं तुम्ही!”

हे शेवटचं वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं. पुढे बसलेल्या दोन बायकांनी एकमेकींकडे बघितलं, तेवढं मला आठवतं.

नाना माझ्याजवळ आले. आवाज अगदी खाली. “देखी का तुम्ही ती?”

“देखी.”

“पुरी?”

“चोरी ओळखायला पुरी बघावी लागत नाही.”

मागून लोक ओरडायला लागले, “लावा ना हो!” नानांनी हातातली एकच कॅसेट लावली आणि भिंतीशी जाऊन लोकांकडे तोंड करून उभे राहिले.

किल्ला आला, सुरेश आला. पहिल्या मजल्यावर दोन दारं आली. सुरेश दारांसमोर थांबला, वळला आणि थेट आमच्याकडे बघून म्हणाला, “सांगा, आते कोनता दारमा जाऊ?”

मग सतरंजीवरून एका मुलीनं ओरडून सांगितलं, “डाव्या!” आणि एकदम सगळे उठले. “डाव्या! डाव्या जाय रे!” बाकांवर उभी राहिलेली माणसं हातानं दाखवत होती. एक म्हातारी गुडघ्यांवर उठून पडद्याला हाका मारत होती. मी माझ्या हॉलमध्ये आजवर हजार सिनेमे दाखवले असतील, असली तोंडं मी पाहिली नव्हती. खटक्याची डबी कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं. दोन्ही कॅसेटी बरोबरीनं चालणार होत्या, लोक जे दार सांगतील त्या कॅसेटचा खटका नाना दाबणार होते. दोन्ही वाटा सारख्या वेळाच्या कशासाठी होत्या, तेही कळलं, आणि केबलवाल्यानं कागदात गुंडाळून दिली ती हीच डबी असणार, तेही.

सुरेश उजव्या दारात शिरला आणि विहिरीत पडला.

“अरे, आम्ही डावं म्हणालो ना!” कुणीतरी म्हणालं. लोक हसले. दुसऱ्या दाराशी थोडेच ओरडले, सुरेश पुन्हा भलतीकडे गेला. तिसऱ्या दाराशी त्यानं “कोनता दारमा जाऊ?” विचारलं तेव्हा मागून एक जण म्हणाला, “जाय जथा जानं शे तथा, ऐकस कोठे तू?” मग शिट्ट्या सुरू झाल्या. मी भिंतीकडे बघितलं. नाना तिथे नव्हते.

माझ्या गल्ल्याच्या खणात ती कॅसेट पडलेली होती. त्याच वेळी टीव्ही बंद करून चार वाक्यं बोललो असतो तरी पुरलं असतं. माझ्या मनात आलं, उद्या बोलू. उद्या म्हटलं, लोक विसरतील.

लोक विसरले नाहीत. आखाजीनंतर लग्नांची धामधूम, आणि बोलणं बसच्या वेगानं धुळ्याला पोचलं. सिनेमाचं कुणी काढतच नव्हतं. ‘तो लग्नांच्या कॉप्या काढतो’ एवढंच उरलं. नानांची ठरलेली कामं एकामागून एक गेली. एका घरचा भाऊ तर तीन वर्षांपूर्वीच्या बहिणीच्या लग्नाची ‘राहिलेली’ कॅसेट मागायला त्यांच्या दारात जाऊन बसला. राहिलेली कॅसेट कुठून देणार? ती पहिल्या दिवशीच त्याच्या आईच्या हातात दिलेली होती. हे मला बन्सीनं सांगितलं, आणि वर म्हणाला, “तुम्ही ओळखलं म्हणून बरं, भाऊ.” मी त्याला चहा पाजला.

पावसाळ्याच्या तोंडाशी मी धुळ्याला त्यांच्या घरी गेलो. नाना नव्हते. कॅमेरा विकला होता आणि ते सावद्याला केळीच्या वखारीवर ट्रक भरायच्या कामाला लागले होते. त्यांच्या मंडळींनी, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणत असू, मला पाणी दिलं. बस म्हणाल्या नाहीत, पण पाणी दिलं.

“अक्का, नानांनी मला आधी सांगायला हवं होतं, दोन कॅसेटींचं.” मी म्हणालो. तिथेही मी त्यांचीच चूक काढत होतो.

“माले सांगेल व्हतं त्यास्नी,” अक्का म्हणाल्या. “तुमनं तोंड देखानं व्हतं त्यासले. म्हणे, भाऊ बठ्ठावर संशय घेस, एक दिन त्याले चकित करू.”

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि निघालो.

पुढे काही वर्षं गेली. व्हिडिओ लायब्ऱ्या बसल्या, मी कॅसेटींच्या जागी टीव्हीचं दुकान थाटलं. दुकानाच्या उद्घाटनाला मी मुद्दाम त्या दिवशीची माणसं गोळा केली. ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच परत घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. मी स्वतः सावद्याला जाऊन नानांना बोलावलं. ते आता वखारीचे हिशेबनीस झाले होते, केळीच्या घडांच्या ढिगाजवळ वही घेऊन बसलेले. हमालांना त्यांनी माझी ओळख करून दिली, “हे आमचे प्रोड्यूसर.” त्यात टोमणा होता का, मी बराच वेळ शोधत राहिलो. नव्हता. “काही बोलायचं आहे, सगळ्यांसमोर,” एवढं मी त्यांना सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “येतो.”

नाना आले. धुतलेला पांढरा सदरा, केस अगदी पिकलेले. पहिल्या रांगेत बसले. बन्सी होता, त्या दोन बायकांपैकी एक होती, सुरेशसुद्धा आला होता. मी उभा राहिलो. “आज मला नानांबद्दल बोलायचं आहे,” म्हणालो. माझा मुलगा, सून, व्याही समोर बसलेले. आणि मग माझंच बोलणं मला ऐकू येऊ लागलं. आपल्या बोलीत सिनेमा काढणारे पहिले कलावंत, हाडाचे कलाकार, जळगाव-धुळ्याचं भूषण. दुकानात आलेल्या पाहुण्यांसाठी शाली आणि नारळ आणून ठेवलेले होते. त्यांतली एक शाल मी उचलली, नानांच्या खांद्यावर टाकली, हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या.

टाळ्या थांबल्यावर बन्सी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “भाऊ, मन मोठं शे तुमनं! एवढं झायं तरी पोटमा घालं त्यास्ले.”

पुन्हा टाळ्या. या जास्त मोठ्या होत्या. आणि त्या माझ्यासाठी होत्या.

नाना नारळ धरून माझ्याकडे बघत उभे होते. घाई केली नाही, मला भरपूर वेळ दिला. मग हलकेच म्हणाले, “बोलना व्हतं ना तुम्हले काही?”

“हेच,” मी म्हणालो. “हेच होतं.”

त्यांनी मान हलवली, शालीची घडी घातली आणि सावद्याच्या गाडीची वेळ झाली म्हणाले. मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो. वाटेत मी केळीच्या भावाबद्दल विचारत होतो आणि ते नीट उत्तरं देत होते. गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मी खाली उभा होतो. नाना, ती कॅसेट मी पुसली, तुम्ही कधीच कुणाची कॉपी काढली नाही, मला माफ करा. घरून निघतानाच पाठ करून ठेवलं होतं मी. कंडक्टरनं घंटी मारली. नाना खिडकीतून वाकून म्हणाले, “काय म्हणता, भाऊ?”

“काही नाही,” मी म्हणालो. “सांभाळून जा.”

त्यानंतर दोन उन्हाळे गेले आणि सावद्याहून निरोप आला की नाना गेले.